झाडं लावा म्हणे!

चिमणीखालचा: परवाच्या पोस्टीतला सल्ला: 'गरीब वस्त्यांनी सरकारच्या तोंडाकडे न बघता झाडं लावावीत, कचरा जाळणं थांबवावं, हवा सुधारेल.' उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात. महामार्ग आणि गोदामं वस्तीने मागवली होती का? रस्त्याचा धूर दोन-तीनशे मीटरांत बराच विरतो, कबूल. पण त्या पट्ट्यात राहतं कोण? आणि अरुंद गल्लीत दाट झाडी लावली की वारा अडतो, धूर खालीच कोंडतो. तेवढं तरी वाचून सल्ले द्या.

रजनीगंधा: म्हणजे हातावर हात धरून बसायचं? आमच्या वस्तीत कचरा आमचेच लोक जाळायचे. बायकांनी दारोदार फिरून, भांडून बंद पाडलं. आता संध्याकाळी खिडकी उघडता येते.

चिमणीखालचा: जाळत होते कारण कचऱ्याची गाडी येत नव्हती. तेही लिहा की.

रजनीगंधा: गाडीसाठीही आम्हीच भांडलो. तुम्ही कुठे होतात?

मापात_पाप: दोघांचंही अंदाजपंचे. आधी मोजा. कॅलिफोर्नियात 2017 साली एबी 617 कायदा झाला, प्रदूषित वस्त्यांची हवा मोजून आराखडे करण्याचा, आणि तिथल्या वेस्ट ओकलंड वस्तीचा हवा सुधारण्याचा आराखडा 2019 मध्ये रहिवाशांच्या संस्थेने हवा-नियंत्रण मंडळाच्या बरोबरीने लिहिला. हातात आकडे होते म्हणून बसायला खुर्ची मिळाली.

आकडेबाज: कसले आकडे? घराबाहेर टांगायच्या त्या धूळ मोजणाऱ्या स्वस्त सेन्सरचे? तो लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो तेवढंच बघतो. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात, की आकडा चढला! धुक्याच्या सकाळी सगळे बोंबलत सुटतात. आणि डिझेलचा नायट्रोजन डायऑक्साइड त्या डब्याला दिसतच नाही.

मापात_पाप: म्हणूनच तो आधी सरकारी यंत्राशेजारी ठेवून, दोघांचे आकडे ताडून, आकड्यांतली दुरुस्ती काढतात.

आकडेबाज: कोण काढतं? मी आयुष्यभर प्रयोगशाळेत हवेतली धूळ धरलेले फिल्टर तोलले. खोलीची आर्द्रता हलली तरी वजन रद्द करायचो. तुम्ही डबा खिळ्याला टांगता आणि शास्त्रज्ञ होता.

मापात_पाप: आणि तुमचं यंत्र कुठे होतं हो? बागेत, नाहीतर कचेरीच्या गच्चीवर?

आकडेबाज: वैयक्तिक होऊ नका! लंडनच्या एला किसी-डेब्राचं प्रकरण माहीत आहे? 2013 मध्ये दम्याने गेली, वय 9. 2020 मध्ये मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषण नोंदलं गेलं, ते सरकारी केंद्राच्या नोंदींच्या आधारे. खिळ्यावरच्या डब्यामुळे नाही.

मापात_पाप: ते केंद्र तिच्या घरापासून मैलभर लांब होतं. आणि 2014 च्या चौकशीत प्रदूषणाचं नावही नव्हतं. तो निष्कर्ष 2019 मध्ये रद्द झाला, कारण आई मागे लागली. तुमच्या नोंदी तोवर कपाटात होत्या.

चिमणीखालचा: अहो, धागा सेन्सरचा नाहीये!!

रजनीगंधा: चालू द्या त्यांचं. आमच्याकडे हवा जरा बरी झाली तर घरमालकाने भाडं वाढवलं. यावर कुणाकडे सेन्सर आहे?

चिमणीखालचा: ताई, हे मात्र बरोबर बोललात. कचऱ्याचंही अर्धं मान्य. अर्धंच.

आकडेबाज: मापात_पाप, न्या तुमचा डबा सरकारी यंत्राशेजारी, पावसाळ्यात आणि हिवाळ्यातही. दुरुस्तीचं गणित मी फुकट करून देतो. पण धुक्यातले आकडे तसेच इथे चिकटवलेत तर मी परत येईन.

मापात_पाप: उपकार झाले. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.