प्रतिसाद: बोर्ड बदलू नका, डॅक लावा

रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डाला हेडफोन लावला की मागे खरखर ऐकू येते, म्हणून पाय ५ घ्यायचा विचार आहे असं तुम्ही म्हणताय. अहो, पाय ५ ला हेडफोनचा जॅकच नाही! आणि ४ च्या जॅकमागे वेगळी डॅक चिप (डिजिटल सिग्नलचं ऑडिओ सिग्नलमध्ये रूपांतर करणारी) नाही, पीडब्ल्यूएमवर, म्हणजे वेगाने चालू-बंद होणाऱ्या सिग्नलवर, काम भागवलंय. खरखर येणारच.

पीसीएम ५१०२ या डॅक चिपचं छोटं मॉड्यूल आणा. पॉवर आणि ग्राउंड सोडून तीनच वायरी: बिट क्लॉक पायच्या जीपीआयओ (जोडणीच्या पिनांपैकी) १८ ला, डावा-उजवा क्लॉक १९ ला, डेटा २१ ला. मॉड्यूलवरची एससीके (सिस्टम क्लॉक) पिन मात्र ग्राउंडला जोडा. ती लोंबकळत ठेवली की आवाज बिघडतो, आणि लोक उगाच सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतात. मग कॉन्फिग फाइलमध्ये हायफायबेरी डॅकचा ओव्हरले (पायला डॅक ओळखायला लावणारी सेटिंग) चालू केला की झालं.

गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मूड ऑडिओ दिसायला देखणं आहे, पण घरात कुणीही येता-जाता बटण बंद करत असेल तर पायकोअरप्लेअर बरा. तो सगळा रॅममध्ये चालतो, त्यामुळे अचानक वीज गेली तरी एसडी कार्डाला सहसा धक्का लागत नाही. गाणी पेनड्राइव्हवर ठेवा.