खांदेरीला रात्रभर नांगर आणि डिंगीने उंदेरी: ४० मीटर दोर पुरेल का?

प्रश्न – शीडवाला_२७

जानेवारीतल्या पौर्णिमेच्या शनिवार-रविवारी मुंबई बंदरातून अलिबागजवळच्या खांदेरी बेटाला जायचा बेत आहे. बोट २७ फुटी, कील (तळाखालचं पातं) पाण्यात १.४ मीटर खोल, नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यापासून साधारण १ मीटर उंच. नांगर १० किलोचा, चपट्या पात्यांचा. त्याला ८ मिमीची १० मीटर साखळी आणि पुढे १४ मिमीचा ३० मीटर नायलॉन दोर. डिंगी (सोबतची छोटी होडी) २.४ मीटरची रबरी, तिला अडीच हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन. माणसं तीन.

शनिवारी दुपारी साडेचारपर्यंत बेटाच्या पूर्वेला पोहोचून ५ मीटर पाण्यात नांगर टाकायचा, खोलीच्या पाचपट म्हणजे २५ मीटर दोर सोडायचा, रात्र बोटीवर काढायची आणि रविवारी जेवण उरकून डिंगीने उंदेरी बघून यायची, असा विचार आहे. यात काय चुकतंय?

---

उत्तर – नाळेवरचा

जागा बरोबर निवडली आहे. हिशोब मात्र चुकला आहे, आणि तो मध्यरात्री अंगाशी येईल.

पाचपट मोजायची ती रात्रीतल्या सर्वांत जास्त खोलीच्या. साडेचारला साउंडरवर (खोली मोजणाऱ्या यंत्रावर) दिसणारी खोली धरून चालत नाही. मुंबईच्या आसपास पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास असते, ओहोटी सहाच्या सुमारास. म्हणजे तुम्ही पोहोचाल तेव्हा पाणी जवळजवळ तळाला गेलेलं असेल. शिवाय थंडीत रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा चढी असते (पावसाळ्यात याच्या उलट). समजा साडेचारला भरती-ओहोटीच्या तक्त्याप्रमाणे पाणी १.५ मीटर आहे, सहाला ०.६ होणार आणि मध्यरात्री ४.६. आता हे मांडा:

आत्ता साउंडरवर ५ मीटर.
सहा वाजता ५ वजा ०.९, म्हणजे ४.१ मीटर. कीलखाली २.७ मीटर राहतं, ठीक.
मध्यरात्री ५ अधिक ३.१, म्हणजे ८.१ मीटर.
त्यात नाळेची उंची १ मीटर. एकूण ९.१.

तुमचे २५ मीटर मध्यरात्री तिप्पटसुद्धा उरत नाहीत. दोर इतका उभा ताणला गेला की नांगराचा दांडा वर उचलला जातो, पाती चिखलातून सुटतात आणि बोट नांगर ओढत चालू लागते. साखळी थोडी आणि दोर जास्त असेल तर सहापट धरा: ९.१ × ६ म्हणजे ५५ मीटर. तुमच्याकडे एकूण ४० आहेत. ३० मीटरच्या जागी ५० मीटरचा अखंड दोर घ्या. जुन्याला नवा गाठ मारून जोडू नका. गाठीने दोराची ताकद निम्म्यावर येते आणि ती गाठ नाळेवरच्या रोलरमधून जातही नाही. साखळीच्या शॅकलची (जोडकडीची) पिन तारेने बांधून टाका. ती आपोआप फिरून सुटते.

साउंडर पृष्ठभागापासून मोजतो की कीलच्या खालून, हे आधी तपासा. कीलखालचं मोजत असेल तर वरच्या सगळ्या आकड्यांत १.४ मीटर मिळवावे लागतील.

टाकण्याची रीत: आधी तिथे उभ्या असलेल्या मासेमारी होड्या कोणत्या दिशेला तोंड करून आहेत ते बघा. तिथे वाऱ्याचा जोर जास्त की पाण्याच्या ओढीचा, ते त्यांच्याकडून कळतं. त्याच दिशेला नाळ करून हळू पुढे या, बोट पूर्ण थांबू द्या, मगच नांगर हाताने तळाला टेकवा. भिरकावला तर साखळीचा ढीग नांगरावर पडतो आणि पात्यात अडकतो. बोट मागे सरकू लागली की दोर सोडत जा. २० मीटरवर हलकेच अडवून नाळ सरळ होऊ द्या, मग बाकीचा सोडा. इथला तळ मऊ गाळाचा आहे. त्यात नांगर ताबडतोब जोराने ओढला तर लोण्यातून सुरी फिरल्यासारखा निघून येतो. दहा-पंधरा मिनिटं त्याला बसू द्या. मग इंजिन रिव्हर्समध्ये अर्धा मिनिट मंद आणि त्यानंतर मिनिटभर मध्यम. या वेळी नाळेपुढच्या दोरावर तळवा ठेवा. दोर थरथरत असेल, मध्येच ढिला पडून पुन्हा ताणला जात असेल तर नांगर घसरतो आहे. घट्ट आणि शांत राहिला तर धरला.

आता रात्रीचं. संध्याकाळपर्यंत वायव्येचा वारा असतो, म्हणून बोटीची मागची बाजू बेटापासून दूर, आग्नेयेकडे असते आणि सगळं सुरक्षित वाटतं. रात्री मतलई (जमिनीकडून येणारा वारा) सुरू झाली की वारा ईशान्येकडून येतो आणि तीच बोट नांगराभोवती फिरून बेटाच्या बाजूला जाते. ५५ मीटर दोर आणि बोटीची ८ मीटर लांबी धरली तर नांगरापासून ६५ मीटरपर्यंत कुठेही तुमची मागची बाजू पोहोचू शकते. सकाळी सहाला, ओहोटीच्या तळाला, खडक उघडे पडलेले असतात आणि दोर सर्वांत सैल असतो, म्हणजे फेर सर्वांत मोठा तेव्हाच. म्हणून नांगर पडेल ती जागा ओहोटीच्या खडकांपासून निदान १५० मीटर लांब ठेवा. ओहोटीला पोहोचताय याचा इथे फायदा आहे: खडक डोळ्यांना दिसतात. भरतीला येणाऱ्याला ते दिसत नाहीत.

दिवा: मास्टवर चारही बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा रात्रभर, दिवसा नाळेकडे काळा गोळा. आणि जागल्या ठेवा. अकरा ते एक आणि पाच ते सात या वेळा सर्वांत महत्त्वाच्या. थळच्या खत कारखान्याचे दिवे रात्री चांगले दिसतात. त्यातला एक आणि जवळची एखादी खूण एका रेषेत धरून ठेवा, पण बोट फिरते तशी रेष हलणारच हे लक्षात असू द्या. फोनवरचा नांगर-अलार्म लावायचा तो नांगर टाकल्या जागेपासून ७५-८० मीटरचा. बोटीच्या जागेपासून लावला तर मतलई सुटताच विनाकारण वाजतो आणि माणूस तो बंद करून झोपतो.

---

उत्तर – थळची_बाजू

नांगराचं वर चांगलं सांगितलंय. जाळ्यांचं कोणी बोललं नाही, ते मी सांगतो.

थळ ते खांदेरी या पट्ट्यात डोलीची जाळी असतात. तळात खुंटे ठोकलेले, त्यांना दोर आणि वर बोये. भरती-ओहोटीच्या जोराला बोया पाण्याखाली ओढला जातो, तेव्हा वर काहीच दिसत नाही. पाणी थांबलं की सगळे बोये एकदम वर येतात. बोयांची रांग दिसली तर दोन बोयांच्या मधून जाऊ नका, रांगेला पूर्ण वळसा घाला. पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोर गुंतलाच तर इंजिन लगेच न्यूट्रल करून बंद करा. रिव्हर्स मारून सुटत नाही, आणखी आवळतो. आणि शक्यतो जाळं कापू नका. ते कोणाच्या तरी वर्षभराच्या पोटाचं असतं. हाक मारली तर होडीवाले स्वतः येऊन सोडवून देतात.

बेटाजवळ तळात खडक आणि तुटकी जाळी दोन्ही सापडतात. नांगराच्या डोक्याला, म्हणजे पात्यांकडच्या टोकाला, ८ मिमीचा वेगळा दोर आणि वर छोटा बोया बांधा. मुख्य दोराने नांगर निघाला नाही तर तो उलट्या बाजूने निघतो. लांबी भरतीच्या खोलीइतकीच, १० मीटर पुरे. जास्त लांब ठेवलात तर ओहोटीला ढिला पडून तुमच्याच पंख्यात येईल.

आता उंदेरी. जेवण करून निघायचा बेत सोडून द्या. खांदेरीहून उंदेरी पूर्वेला, दीड-पावणेदोन सागरी मैलांवर. दुपारी वायव्येचा वारा जाताना पाठीशी असतो, म्हणून वीस-पंचवीस मिनिटांत मजेत पोहोचता. परतताना तोच वारा आणि लाट तोंडावर. अडीच हॉर्सपॉवर, तीन माणसं, रबरी डिंगी: प्रत्येक लाटेला नाक वर जातं, पाणी आत येतं, चाल निम्मी होते. त्यात ओहोटी असेल तर दक्षिणेला ओढतं ते वेगळंच. इंजिन बंद पडलं तर वल्ह्यांनी वाऱ्याविरुद्ध खांदेरी गाठता येत नाही.

सकाळी सातला निघालात तर मतलई मंद, जाताना तोंडावर आणि येताना पाठीशी. अकराच्या आत परत. पण पौर्णिमेला सकाळी सात म्हणजे ओहोटीचा तळ. उंदेरीला धक्का नाही, चहूकडे खडक, आणि ओहोटीला त्यांवरची कालवं उघडी पडतात. कालवाची धार रबराला ब्लेडसारखी लागते. म्हणजे पौर्णिमेला वारा अनुकूल तेव्हा पाणी नाही आणि पाणी असतं तेव्हा वारा उलटा.

---

शीडवाला_२७

मग तारीखच बदलतो. कोणती धरू? आणि खांदेरीवर उतरताना डिंगी धक्क्याला बांधून ठेवली तर चालते का?

---

उत्तर – थळची_बाजू

एकादशी किंवा द्वादशी, शुद्ध असो की वद्य. किनाऱ्यावरचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. एकादशीला ११ × पाऊण म्हणजे सव्वाआठ, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, नेमकी वेळ तक्त्यातून घ्या. सकाळी भरती, सोबत मतलई, आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची सर्वांत कमी चढउताराची भरती-ओहोटी) नुकताच सरलेला असल्यामुळे चढउतारही कमी. उधाणाला मुंबईकडे सरासरी साडेतीन मीटरच्या वर फरक पडतो, भांगाला दीड मीटरच्या आसपास. एकादशी-द्वादशीला तो हळूहळू वाढायला लागलेला असतो. पाण्याची ओढही त्याच प्रमाणात मंद. नांगराचा दोरही कमी लागेल, पण ५० मीटरचा घ्याच.

भरतीच्या आधी तासभर उंदेरीला पोहोचा, भरतीनंतर अर्ध्या तासात निघा. एक माणूस डिंगीतच थांबू दे, खडकांपासून २०-३० मीटरवर. लाट खडकावर फुटत असेल तर उतरूच नका, बाहेरून फेरी मारून तटबंदी बघा. सिद्दीने १६८० मध्ये हे बेट घेतलं ते १६७९ मध्ये खांदेरीवर महाराजांनी किल्ला बांधायला घेतला म्हणूनच. दोन्ही तट समोरासमोर कसे उभे आहेत ते पाण्यावरूनच नीट कळतं.

---

उत्तर – रबरी_डिंगी

खांदेरीच्या धक्क्याबद्दल: माणसं उतरवा, डिंगी तिथे आखूड दोराने बांधून सोडू नका. पाणी चढताना डिंगी धक्क्याखाली किंवा कठड्याखाली अडकते आणि पाण्याच्या जोराने दाबली जाते. उतरताना आखूड दोरावर लोंबकळते. इंजिन पाण्यात, नाक हवेत. दीपगृहाच्या आणि कोळ्यांच्या होड्यांना पायऱ्या मोकळ्या लागतात, तेही आहेच. पुढचा दोर ८-१० मीटरचा, तरंगणारा घ्या. मागून २.५ किलोचा छोटा नांगर २० मीटर दोरावर टाकून डिंगी धक्क्यापासून लांब धरून ठेवा. पायऱ्यांवर शेवाळ असतं. जाड रबरी तळव्याचे बूट, अनवाणी नको.

वाळूवर ओढून ठेवायची असेल तर बाराव्या हिश्श्यांचा नियम वापरा. भरती ते ओहोटी या सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ बारांश उतरतं. ३.६ मीटरचा फरक असेल तर तिसऱ्या तासात एकट्यात ०.९ मीटर. उतार २० ला १ असेल तर तासाभरात पाणी १८ मीटर मागे जातं. इंजिनासकट चाळीस-पंचेचाळीस किलोची डिंगी ओल्या वाळूतून उचलून न्यावी लागते, घासत नेली की तळ गेला.

अडीचच्या इंजिनाचं सर्वांत नेहमीचं दुखणं: दोन-तीन मिनिटं चालून बंद पडतं. पेट्रोलच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलेला असतो, टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरत नाही. त्यानंतर पेट्रोलचा कॉक बघा, मग सुरक्षेची लाल दोरी नीट बसली आहे का. दोरी खेचायला लागण्याआधी हे तीन. इंजिन बोटीला बांधलेलं असतानाच सुरू करून पाच मिनिटं चालवा, मगच दोर सोडा. अंगच्या टाकीत लिटरभर मावतं, म्हणजे मध्यम चालीला तासभर. उंदेरीला जाताना २ लिटरचा कॅन आणि नरसाळं हवंच. भरायचं ते निघायच्या आधी, लाटेत हलताना नाही. पंखा खडकाला लागला तर मधली पिन तुटते: इंजिन फिरतं, डिंगी जागची हलत नाही. दोन सुट्या पिना, पक्कड आणि कॉटर पिन पिशवीत टाका.

हवा सकाळी घट्ट भरा, पण बोटीच्या डेकवर उन्हात ठेवणार असाल तर थोडी सोडून ठेवा. उन्हात दाब वाढून शिवण उकलते. पाण्यात उतरवली की गार होऊन ढिली पडते, तेव्हा चार-सहा पंप पुन्हा मारा. ढिल्या डिंगीचा मधला भाग वाकतो आणि ती पाणी घेते. २.४ मीटरच्या डिंगीत तिघं म्हणजे भाराची मर्यादाच झाली. डिंगीवरच्या क्षमतेच्या पाटीवरचा आकडा वाचा, नाही तर उंदेरीला दोघंच जा. तसंही तिसरा मोठ्या बोटीवर हवा: नांगर बघायला आणि सागरी रेडिओच्या (व्हीएचएफ) चॅनल १६ वर कान ठेवायला.

डिंगीत कायम: वल्ही दोन्ही (एकाने काही होत नाही), छोटा नांगर, पाणी उपसायचं भांडं, हातपंप, हातातला व्हीएचएफ, शिट्टी, टॉर्च, पिण्याचं पाणी. लाइफ जॅकेट अंगात, खाली पसरून बसायला नाही. इंजिन गेलं तर पहिलं काम दोरी ओढत बसणं नाही, छोटा नांगर टाकणं. तेवढ्याने वाहून जाणं थांबतं, मग निवांत दुरुस्ती.

---

उत्तर – नाळेवरचा

दोन गोष्टी राहिल्या. निघण्याआधी क्लबमध्ये किंवा बंदरात जाण्या-येण्याची वेळ आणि माणसांची नावं लिहून द्या. बोटीची नोंदणी आणि सगळ्यांची ओळखपत्रं वॉटरप्रूफ पिशवीत ठेवा, गस्तीवाले विचारतात. तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. खांदेरी २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तटाच्या दगडाला किंवा तोफेला दोर बांधायचा नाही, खुंटी ठोकायची नाही. रात्री बेटावर मुक्काम नको.

दुसरं, वायव्येची लाट जोराची असेल तर ती बेटाच्या दोन्ही टोकांना वळसा घालून पूर्वेच्या आडोशातही येते आणि बोट रात्रभर कुशीवर डोलते. मागून दुसरा नांगर टाकून ती थांबवायला जाऊ नका. पाण्याची ओढ फिरली की बोट आडवी अडकते आणि दोन्ही नांगर ओढले जातात. संध्याकाळी पाचलाच नीट दिसतंय तोवर ठरवा. डोलणं सहन होणार नसेल तर नांगर उचलून ईशान्येला मांडवा, सातेक सागरी मैल. तिथे रो-रोच्या (गाड्या नेणाऱ्या बोटीच्या) वाटेत मात्र उभं राहू नका.