मदत हवी आहे: पाकिस्तानातल्या महिला राखीव जागांचं गणित जुळत नाही

रानजाई:
एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी पाकिस्तानच्या नॅशनल असेंब्लीतल्या (संसदेचं कनिष्ठ सभागृह) ६० महिला राखीव जागा पक्षवार मांडतेय. पक्षाच्या मतांची टक्केवारी ६० ला लावली, पण एकाही पक्षाचा आकडा जुळत नाही. शिवाय पंजाबच्या राखीव जागा एका तक्त्यात ३५, दुसऱ्यात ३२. कुठल्या धरू?

मतपत्रिका:
मतांची टक्केवारी आधी बाजूला ठेवा. या जागा मतांवर नाही, तर पक्षाने त्या प्रांतातून जिंकलेल्या सर्वसाधारण (थेट मतदानाच्या) जागांवर मिळतात, आणि हिशेब प्रत्येक प्रांताचा वेगळा होतो. खैबर पख्तुनख्वात सर्वसाधारण ४५, महिलांच्या १०, म्हणजे साडेचार जागांमागे एक. समजा, एखाद्या पक्षाला तिथे ४० टक्के मतं आणि २७ जागा मिळाल्या. त्याच्या वाट्याला ६ महिला येतात. मतांच्या टक्केवारीने १० पैकी ४ च आल्या असत्या.

३५ हा २०१३ चा आकडा, २०१८ ला ३३ झाला, २०२४ ला ३२. जनगणना आणि फाटाच्या (अफगाण सीमेवरचा आदिवासी भाग) खैबर पख्तुनख्वातल्या विलीनीकरणामुळे वाटप बदललं. आताचं असं: पंजाब १४१ वर ३२, सिंध ६१ वर १४, बलुचिस्तान १६ वर ४. इस्लामाबादच्या ३ जागा या गणितात धरू नका. महिलांच्या जागा फक्त प्रांतांना आहेत. अपक्ष निकाल राजपत्रात आल्यापासून तीन दिवसांत पक्षात गेला, तरच त्या पक्षाच्या खात्यात मोजायचा.

२०२४ घेणार असाल तर तक्त्याची तारीख नक्की लिहा. राखीव जागा इम्रान खान यांच्या पीटीआय पक्षाला देणारा १२ जुलै २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २७ जून २०२५ ला फिरला, त्यामुळे जागांचं वाटपही बदललं. मी तरी २०१८ वरच काम केलं असतं.

रानजाई:
खूप आभार! आणि महिलांचं मतदान १० टक्क्यांखाली गेलं तर निवडणूक रद्द, ते १० टक्के महिला मतदारांचे ना?

काठावरची:
नाही, इथेच बहुतेकांची गल्लत होते. २०१७ च्या निवडणूक कायद्याच्या कलम ९ मध्ये मतदारसंघात पडलेल्या एकूण मतांपैकी महिलांची मतं मोजतात. एकूण ४०,००० मतं पडली आणि त्यात बायकांची ३,९०० असली, तर ती पावणेदहा टक्के. मग बायकांना अडवलं गेलं असं निवडणूक आयोग गृहीत धरू शकतो आणि काही केंद्रांवर किंवा सगळ्या मतदारसंघात फेरमतदान घेऊ शकतो. २०१८ मध्ये खैबर पख्तुनख्वातल्या शांगला जिल्ह्यात, पीके-२३ या प्रांतिक विधानसभेच्या मतदारसंघात तसंच झालं.

एक विनंती, भारताच्या १०६ व्या (महिला आरक्षणाच्या) घटनादुरुस्तीशी तुलना करताना या ६० जागा थेट शेजारी मांडू नका. आपल्याकडे राखीव मतदारसंघ असणार आणि बाई लोकांच्या मतांवर निवडून येणार. तिथे पक्षाने आधीच दिलेल्या क्रमवार यादीतून नावं उचलली जातात. यादी देण्याची मुदत संपल्यावर क्रम बदलत नाही, आणि जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक न होता पुढचं नाव येतं. यादीत कोण आणि कितव्या नंबरावर, हे पक्षनेतृत्वाच्या हातात. म्हणून सर्वसाधारण जागांवर लढलेल्या बायकांचा वेगळा रकाना कराच. तिथल्या त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम २०६ प्रमाणे पक्षाने तिथे किमान ५ टक्के महिला उभ्या करायच्या असतात, पण कुठल्या मतदारसंघात ते कायदा सांगत नाही. त्यामुळे प्रत्येकीपुढे त्या पक्षाची तिथली मागची मतं लिहा. हरणाऱ्या जागा कुणाच्या माथी मारल्या ते लगेच दिसेल.

रानजाई:
प्रांतवार तक्ता नव्याने करते आणि तो रकानाही घालते. पंजाबपासून सुरुवात.