मदत हवी आहे: नसेतला सिग्नल उड्या मारत जातो म्हणजे काय?
नमस्कार मंडळी, खानापूरहून लिहितेय. पोरगी दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता फर्स्ट पीयूसीला (म्हणजे अकरावीला) सगळं इंग्लिश, आणि न्यूरॉनचा (चेतापेशीचा) धडा तिला समजावता समजावता मीच अडकले की हो. एवढं कळलं की शांत असताना न्यूरॉनच्या आत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतं, मग सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, व्होल्टेज अधिक ३०च्या आसपास जातं आणि पोटॅशियम बाहेर पडलं की परत खाली. पण मग तेच सोडियम पायाच्या अंगठ्यापासून मणक्यापर्यंत धावत जातं होय? तसं नसणार, एवढं मलाही कळतंय! आणि मायलिन (नसेवरचं चरबीचं वेष्टन) असलं की सिग्नल एका नोडवरनं (वेष्टनातल्या उघड्या फटीवरनं) दुसऱ्या नोडवर उडी मारतो म्हणे, मग मधल्या झाकलेल्या भागात नेमकं काय होतं? मागे का वळत नाही?

काल भाकरी उलटताना तव्याला बोट लागलं, आधी टचकन चटका आणि जळजळ जरा वेळानं. पोरगी म्हणते जळजळीच्या नसेला मायलिनच नाही, सेकंदाला जेमतेम मीटरभर जाते. खरंय काय हे?

कुणीतरी सोप्या मराठीत सांगा, सोमवारी टेस्ट आहे. कन्नड व्हिडिओ असला तरी चालेल, तिला येतं, मला हळू बोललं तर कळतं.