भाकरीचा व्हिडिओ न कापता कसा घ्यावा?

दाणेदार: ज्वारीच्या भाकरीचे व्हिडिओ दीड-दोन मिनिटांत उरकलेले असतात. पिठाचा गोळा दिसतो, लगेच गोल भाकरी, लगेच टम्म फुगलेली. शिकणाऱ्याला जे पाहायचं असतं तेच गायब. पीठ मळण्यापासून तिसरी भाकरी उतरेपर्यंत, साधारण २० मिनिटं, फोनवर सलग घ्यायचंय. अगदी सगळं ठेवावं का? शिवाय ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात आणि पंख्याची घरघर येते, त्याचं काय करावं?

तिपाई: आधी पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि फोनच्या शटरशी तिचा मेळ बसत नाही. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने ठरवता येतात) शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर कायम करा. त्याहून बरा खिडकीतून बाजूने येणारा उजेड.

परातीवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक करा, नाहीतर पांढरं पीठ पुढे आलं की बाकीचं चित्र काळवंडतं. फोन एअरप्लेन मोडवर, कारण मध्येच कॉल आला तर रेकॉर्डिंग तुटू शकतं. व्हिडिओची स्पष्टता १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम पुरे. मिनिटाला साधारण १३० एमबी धरली तर २० मिनिटांना अडीच जीबीच्या वर जातात, म्हणून ५ जीबी मोकळी ठेवा. त्याहून स्पष्ट ४के नको, शेगडीशेजारी फोन तापून बंद पडतो.

तिपाई थापणाऱ्याच्या खांद्यामागे लावा. समोरून घेतलं की पाहणाऱ्याला हात उलटे दिसतात. परात आणि तवा दोन्ही चौकटीत हवेत, पण फोन तव्याच्या थेट वर नको, वाफेने भिंग धुरकटतं.

कानोसा: आवाजासाठी कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. पदराखाली गेला तर घासल्याचा आवाज येतो. पंखा, चिमणी बंद. पार्श्वसंगीत कृपया घालू नका, आणि नॉइज रिडक्शनही (नको असलेला आवाज गाळणं) जपून; त्यात थापण्याचा आवाज मरतो, आणि थापेची लय कानानेच कळते.

सावकाश: सगळं ठेवायची गरज नाही. २००९ साली नॉर्वेच्या एनआरके वाहिनीने बर्गन ते ओस्लो हा सात तासांहून मोठा रेल्वेप्रवास सलग दाखवला, पण बोगद्यांच्या काळोखात जुनी दृश्यं घातली. तुमच्याकडचे बोगदे म्हणजे पाण्याला उकळी येणं आणि तवा तापणं. ते कापा आणि उघडपणे कापा: काळ्या पडद्यावर ‘तवा तापायला ४ मिनिटं’, एवढंच.

घड्याळ सांगू शकतं ते कापायचं, हाताला कळतं ते ठेवायचं. भाकरीवर पाणी फिरवल्यापासून उलटेपर्यंतचा वेळ तर अजिबात कापू नका. ओली असताना उलटली की तव्याला चिकटते, पाणी पार वाळू दिलं की तडे जातात. मधला क्षण सलग पाहिल्याशिवाय समजत नाही. थापताना एखादी फाटली तर तीही राहू द्या, फक्त कारण तिथेच सांगा: ज्वारीत ग्लूटेन नसतं, चिकटपणा गरम पाण्याने येतो, पाणी कोमट असेल किंवा पीठ जुनं असेल तर कडा फुटतात.

यूट्यूबवर खातं फोन नंबरने पडताळलेलं नसेल तर १५ मिनिटांपुढचा व्हिडिओ चढत नाही, ते आधी उरका. व्हिडिओखालच्या वर्णनात प्रकरणांच्या (चॅप्टर्सच्या) सुरुवातीच्या वेळा द्या: पहिली ०:०० च हवी, किमान तीन हव्यात, प्रत्येक प्रकरण निदान १० सेकंदांचं. घाईत असलेला थेट ‘पाणी फिरवणं’वर जाईल.

दाणेदार: शटर १/१०० वर ठेवल्यावर पट्टे गेले. तिपाई आता डाव्या खांद्यामागे आहे, पण उजवा कोपर परातीआड येतोय.

तिपाई: फोन वीतभर वर घ्या आणि थोडा खाली झुकवा. तरीही कोपर आड आला तर परात डावीकडे सरकवा, फोन हलवू नका.