हजार पौर्णिमा आणि मेथीची जुडी

दीर्घ संसारानंतर नवरा-बायकोत बोलण्यासारखे काही उरत नाही, हे मत मला अर्धेच पटते. आमच्या लग्नाला ५४ वर्षे झाली आणि गप्पा कमी झाल्या, हे खरे आहे (त्यात माझ्या डाव्या कानाचाही वाटा आहे). मात्र सकाळी मी वर्तमानपत्र पसरून मेथी निवडताना कोवळे देठही टाकून देतो आणि ही ते मुकाट्याने उचलून पुन्हा चाळणीत घालते, त्याला अबोला म्हणवत नाही.

मध्यंतरी मुलांनी माझ्या सहस्रचंद्रदर्शनाचा विषय काढला. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी २९.५३ दिवसांचे अंतर धरले, तर हजार पौर्णिमांना ८० वर्षे आणि सुमारे १० महिने लागतात, हा हिशेब मी लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे मांडून दाखवला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अहो, त्यातल्या पावसाळ्यातल्या किती दिसल्या?"

मग आम्ही दोघांनी मिळून पाहिलेल्या पौर्णिमा आठवत बसलो. चाळीच्या गच्चीवरची पहिली कोजागरी आठवली, आटवताना करपलेले केशरी दूधही आठवले. ते कोणामुळे करपले, यावर मात्र अद्याप एकमत झालेले नाही.