नायकाला आजच्या काळातला करू नका

तुमच्या या कथेवर एका ताईंनी प्रतिसादात म्हटलंय की तिच्यातला १८८३ च्या नागपुरातला इंग्रज नायक वर्णद्वेषी दाखवला तर वाचक दुखावतील, म्हणून त्याला समतावादी करावं. मला नाही पटत. इल्बर्ट विधेयक त्याच साली आलं. मुफस्सल भागात, म्हणजे मुंबई-कलकत्त्यासारख्या मोठ्या शहरांबाहेर, गोऱ्या आरोपीचा खटला भारतीय दंडाधिकाऱ्यासमोरही चालावा, एवढंच त्यात होतं. त्यावर इथला गोरा समाज असा खवळला, की १८८४ च्या कायद्यात निदान निम्मे ज्युरी युरोपीय किंवा अमेरिकन मागायची मुभा गोऱ्या आरोपीला द्यावी लागली. मग सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्याच्या व्हरांड्यात चहा पिताना कुणी यावर चकार शब्द काढत नाही, हे खरं कसं वाटेल?

मला बोचलं ते वेगळंच. कथेतला पंखा ओढणारा तीन प्रकरणं तिथेच बसलाय आणि त्याला नावच नाही. साहेब त्याला 'ए' म्हणतो, तो म्हणणारच. पण निवेदकानेही का म्हणावं? एक प्रसंग त्याच्या बाजूने लिहा ना: दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, आतलं सगळं बोलणं कानावर पडतंय. शिवीसुद्धा एकदाच, नेमक्या जागी येऊ द्या. पानोपानी आली की वाचणारा सरावतो.

आणि संध्याकाळी हा माणूस घरी जातो तेव्हा त्याला कुठल्या विहिरीवर पाणी भरू देतात? साहेबाचा वर्णद्वेष लिहून आपला विटाळ गाळला तर तो काळ अर्धाच उतरेल.

पुढचं प्रकरण लवकर टाका. त्याचं नाव वाचायचंय.